ग्लासवरचा चमचा

अरे थांब, आणखी चहा ओतण्याआधी मला एक चमचा दे. हसू नका, सांगतो.

पंधरा वर्षं मी इथे कुवेतात घरोघरी एसी दुरुस्त करतोय. अरबाच्या घरी कहवा पुरे झाला की रिकामा कप हातात जरा हलवायचा, म्हणजे ते ओतायचे थांबतात, हे तुम्हाला माहीतच आहे.

गेल्या सुट्टीत बायकोला घेऊन तुर्कस्तानात गेलो. एका लहानशा गावात बस बदलायची होती. तिथल्या म्हाताऱ्या चहावाल्याने आम्हाला बोलावून बसवलं. सुनंदा म्हणाली, "ओळख ना पाळख, जरा जपून." मी म्हटलं, "तू गप्प बस. या लोकांच्या रीती मला पाठ आहेत."

पहिला ग्लास संपल्यावर मी हलवला. म्हाताऱ्याने लगेच भरला. पुन्हा हलवला, पुन्हा भरला. पैसेही घेत नव्हता बिचारा, मग टाकायचा तरी कसा? सुनंदा मात्र एकच ग्लास प्यायली आणि टेबलाला डाग नको म्हणून चमचा ग्लासवर आडवा ठेवून बसली. तिला कोणी विचारलंसुद्धा नाही.

नवव्या ग्लासला बस आली. म्हाताऱ्याने हसत तिच्या ग्लासकडे बोट दाखवलं आणि माझ्याही ग्लासवर तसाच चमचा ठेवला. तिथे पुरे म्हणायची रीत ती!

बस सुटल्यावर कंडक्टरला खुणेनं विचारलं, कुठे थांबणार का? त्याने घड्याळ दाखवून तीन बोटं वर केली.

सुनंदा खिडकीबाहेर बघत म्हणाली, "पंधरा वर्षांचा अनुभव आहे ना? आता तीन तास तोच धरून बसा."