अंबूबाईंची पेज

पुण्याहून शनिवारी चिंचवडला येणाऱ्या मनाच्या डॉक्टरांच्या खोलीबाहेरच्या बाकावर शालनबाई बसल्या होत्या. शेजारच्या दोघींचं बोलणं कानावर पडत होतं.

"अंबूबाई, तुमी हितं कशापायी?"

"सासू नऊ वर्सं अंथरुणाला खिळलेली. 'ने हिला' म्हून मी रोज देवाला सांगायची. श्रावणात गेली."

"सुटलात की मग!"

"कुठली सुटते! अजून सकाळी पेज शिजवते, फुंकर घालून निववते, अन् रिकाम्या खाटेपाशी वाटी घेऊन हुबी ऱ्हाते. येडीच की मी!"

"पेजेचं काय करता?"

"मीच खाते. मीठ कमी पडलं, तर तिच्या शिव्या माझ्या मलाच घालते."

दोघी खुदखुदल्या. शालनबाईही हसल्या. तेवढ्यात आतून शालनबाईंचं नाव पुकारलं.

त्या उठल्या नाहीत.

"अंबूबाई, तुमी व्हा म्होरं. मीबी देवाला रोज तेच सांगते, पन माझा मालक अजून अंथरुणावर हाय."