बाहुलीचा चेंडू

गारखेड्यात स्वमग्न मुलांच्या वर्गाबाहेर, बाकावर सासू-सून बसल्या होत्या. त्यांची तनू आत होती.

"रत्नमाला, ही बाई पोरीला चोरी शिकवती. खिडकीतनं बघितलं मी."

"चोरी कसली, आत्याबाई?"

"एक बाहुली बाहेर गेली की दुसरीनं तिचा चेंडू टोपलीतनं काढून डब्यात लपवला. वर पोरीलाच इचारती, पहिली येऊन कुठं हुडकंल?"

"टोपलीत हुडकंल. चेंडू हलवलेला तिला कुठं ठावं हाय? दुसऱ्याच्या मनातलं आपल्या तनूला उमगत नाय, म्हणून हा खेळ."

"उमगून काय भलं व्हनार? चारा नाय म्हणून काजळी मेंढी इकली आपण. चरायला गेली म्हणलं मी, तर पटलं लेकराला. रोज तिच्या दाव्यापाशी पाला ठिवती."

"आज नाय ठिवला."

"का?"

"मला म्हणली, आई, मी वर्गाला गेल्यावर काजळीला कुणी हलवलं?"

"तूच सांगितलं आसंल तिला!"

"नाय, आत्याबाई."

"मग काय म्हणलीस?"

"आजीला इचार म्हणलं. वर्ग सुटला बघा, तुमच्याकडंच येती."