येल्मरच्या वतीने

हॅलो?… हो, हिस्केच बोलतेय. कोण?… अगंबाई, बेरेंड! अहो, येल्मर घरात नाही, त्याच्या मोबाइलवर करा ना…

माझ्याशी? माझ्याशी काय काम काढलंत?… नाही नाही, बोला. सूप ढवळतेय, एक हात मोकळा आहे.… वाटाण्याचंच, जानेवारीत आणखी काय करणार. चमचा उभा राहील असं.… अहो, तुम्ही काही सूप विचारायला फोन केला नाहीत.

…सायप्रस?… हो, कुठे आहे ते ठाऊक आहे मला.… तिथल्या क्लबला गोलकीपर हवाय. दुसरा?… पहिला! अरे वा. म्हणजे इथे येल्मरने चार वर्षं बाकावर बसून काढली, तिथे खेळायला तरी मिळेल.… अहो, झालाय आनंद. माझा आवाज असाच असतो हल्ली.

…हो, हो… आणि खेळणं संपलं की तिथेच गोलकीपरांचा प्रशिक्षक. तेही तुमच्याकडूनच.… माहीत आहे हो, तुमची एजन्सी खेळाडूंनाही सांभाळते आणि प्रशिक्षकांनाही. एकदा माणूस हातात घेतला की सोडत नाही.… कौतुकच करतेय.

बरं, मग घर कधी बघायचं? तुमच्या ऑफिसातली ती… हां, मारित. तिला सांगा, या वेळी शाळेजवळ बघ म्हणावं. मागच्या वेळी नीन्केला सायकलवरून एवढं लांब… काय?… मारितला सांगायचं नाही? का?

थांबा, थांबा. गॅस बारीक करते.

हं. परत सांगा.… "कुटुंब इथेच राहील."… हे वाचून दाखवताय का तुम्ही?… नाही, आवाजावरून वाटलं.… नीन्केची शाळा, तिचं पोहणं, माझी नोकरी… हो, सगळं बरोबर आहे. शनिवारी तिची पोहण्याची परीक्षाच आहे.… हो ना, कपडे घालून. बूटसुद्धा. कालव्यात पडताना पोहायचा पोशाख थोडाच असतो अंगावर.

सुट्टीत येईल का तो?… "ठरायचंय." कोणाशी ठरायचंय, बेरेंड?

हे म्हणणं कोणाचं? क्लबचं?… मग तुमचं?…

येल्मरचं.

…नाही, चिडले नाही.… खरंच नाही हो. मला काही वाटतच नाहीये, त्याचंच नवल वाटतंय. सूप खाली लागलंय, वास येतोय, एवढंच कळतंय.

एक विचारू? तो क्लब सोडतोय की आम्हाला?

…

दोन्ही. बरं.

हं.… हं.… तुम्हाला कधी सांगितलं त्याने?… नाताळच्या आधी. म्हणजे माझ्या वाढदिवसाला फुलं आली, तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं.… अहो, मला माहीत आहे ती फुलं तुमच्या ऑफिसातून येतात. दरवर्षी तीच फुलं, कार्डावर दरवर्षी तेच वाक्य. मी फुलदाणीत घालते आणि त्याला थँक्यू म्हणते. तोही म्हणतो, आवडली का.

माफी कसली मागताय? तुमचं कामच ते, त्याच्या वतीने बोलायचं. पगाराचं तुम्ही बोलता, घराचं तुम्ही बोलता, तो पत्रकाराला नको ते बोलला तेव्हा दिलगिरीही तुम्हीच व्यक्त केलीत. मला लग्नाचं तरी त्याने स्वतःच विचारलं होतं ना?… हसा, हसा. मीही हसले असते.

धीर होत नव्हता?… समोरून एवढा जोरात चेंडू येतो त्याच्यावर बरा झेप घेतो.… बरं, जाऊ दे.

आणि आत्ता कुठे आहे तो?… "कल्पना नाही" म्हणता? बेरेंड… बेरेंड, ऐका ना. मी खिडकीपाशी उभी आहे. पडदे आम्ही लावत नाही, माहीत आहे ना तुम्हाला. समोर कालव्याकाठी त्याची गाडी आहे. वायपर चालू आहेत. मी सूप चढवलं तेव्हापासून. मला वाटलं, बातम्या ऐकत बसलाय.

…हो, आतच आहे. मोबाइल हातात धरून. तुमच्या फोनची वाट बघतोय, हो ना?

मागेही असंच होतं. या क्लबशी बोलणी चालली होती, तुम्ही आत ऑफिसात, आणि आम्ही दोघं बाहेर गाडीत, चीज-पाव खात. तो म्हणाला, आपण आत नसलेलंच बरं, बेरेंड बघून घेईल. मीही मान डोलावली. तेव्हा मी गाडीत होते. आज मी समोरचा क्लब झाले वाटतं.

…काय कळवायचं त्याला? माझं उत्तर?… अहो, आधी त्याला स्वतः विचारू तर द्या.

नाही, तुम्ही नका करू त्याला फोन.… नाही म्हणते ना! आणि ठेवूही नका. थांबा जरा… नीन्के, सुपाकडे बघ गं, ढवळत राहा. मी आलेच… नाही राणी, बाबाला आणायला…

हं, आहे मी. बूट घालतेय.… कोट कशाला, इथेच तर जायचंय.… हो, पाऊस आहे. वाराही आहे. ऐकू येतोय ना?

…बेरेंड, बघितलं त्याने मला.… काही नाही. मान खाली घातली. मोबाइलकडे बघतोय.

अहो, नका सारखं सॉरी म्हणू. थंडीत कानाला टोचतं ते.

…येल्मर. काच खाली घे.

येल्मर, तो फोन वाजणार नाही. बेरेंड माझ्या फोनवर आहे.… काच खाली घे. मला तुझ्याकडून ऐकायचंय.

…हं. घेतली.

ठेवा आता, बेरेंड.