पुनवेचा गूळ

संघप्रिया: शुगर एकशे चाळीस. छान आहे बाई, चौथी किमो लागते आज. कालचा दिवस बरा गेला ना?

मनकर्णा: एकदम बरा.

देवाजी: बरा?

मनकर्णा: सिस्टर, यायले सांगा, मंधात बोलू नका म्हणून.

संघप्रिया: भाऊ तर बाजूलाच बसले आहेत. तुम्हीच सांगा.

देवाजी: ते माह्याशी बोलून नाई राह्यली. मूल गावापासून चंद्रपूरपर्यंत एसटीत एका सीटवर आलो, तं साऱ्या गप्पा खिडकीशी.

संघप्रिया: नवरा-बायकोत काय झालं एवढं?

मनकर्णा: काई नाई. तुमी सलाईन लावा.

देवाजी: काल सांजच्याला पडली ते. घामानं लुगडं ओलं, हात थरथर. मी गालात गुळाचा खडा दाबला, तवा कुठी डोळे उघडले.

मनकर्णा: सांगतलं! आता किमो पुढं ढकलतीन. तीनच राह्यल्या होत्या माह्या.

संघप्रिया: बाई, पडल्या आणि मला सांगत नव्हत्या? सांजेची इन्सुलिनची सुई घेतली होती?

मनकर्णा: घेतली ना. तुमीच फोन करता, सुई चुकवू नका म्हणून. एकबी नाई चुकवली.

संघप्रिया: आणि जेवण?

देवाजी: काल आषाढी पुनव होती, सिस्टर.

संघप्रिया: अगं बाई! अष्टशील. माझी आईपण धरते. दुपारी बारानंतर अन्नाचा कण नाही. आणि सुई मात्र पुरी घेतली. मग शुगर एकदम खाली जाणारच.

मनकर्णा: बावीस वर्सं झाले. पावसाळ्यातल्या तीन महिन्यांच्या वर्षावासातली एक पुनव चुकली नाई. काल शील तुटलं. अन् तोडलं कोणं? माह्याच घरच्यानं, गूळ चारून.

देवाजी: मंग मरू देतो का तुले?

संघप्रिया: थांबा, थांबा. किमोच्या आदल्या दिवशी जी गोळी देतो, तिनं शुगर चढते. म्हणून त्या दिवसाची सुई आम्हीच वाढवली. दर मंगळवारी तुमची फाईल काढून बसतो बाई, कॅन्सरचे डॉक्टर, शुगरचे डॉक्टर, डायटवाली मॅडम आणि मी. तुमच्या चहात साखर किती तेपण माहीत आम्हाला. पुनव कोणीच विचारली नाही. ही चूक आमची.

मनकर्णा: आता म्हणान, अष्टशील सोडा.

संघप्रिया: मी एकटी काहीच म्हणणार नाही. दोन्ही डॉक्टरांना विचारून येते. तुमच्या विहारातल्या भन्तेजींचा नंबर आहे का?

देवाजी: लिवून घ्या. मले पाठ आहे.

(पाऊण तासानं, त्याच खोलीत.)

संघप्रिया: किमो आजच लागते. पुढच्या दोन तारखापण पाहिल्या, एकही पुनवेला लागून नाही. पुनवेला जेवण नाही, तर सांजेची सुईपण नाही, असं शुगरच्या डॉक्टरांनी लिहून दिलं. फक्त बोट टोचून शुगर पाहायची आणि मला फोन करायचा.

मनकर्णा: म्हणजे, सोडा नाई म्हनलं?

संघप्रिया: नाही. कॅन्सरचे डॉक्टर म्हणाले, बावीस वर्षांचं आहे, आपल्या किमोपेक्षा जुनं.

मनकर्णा: पण कालचं?

संघप्रिया: भन्तेजी म्हणाले, आजाऱ्याला बारानंतर गूळ किंवा मध औषध म्हणून चालतो. बुद्धानंच मुभा दिली आहे. शील तुटलं नाही. मग त्यांनी हळूच स्वतःची शुगर सांगितली, दोनशे दहा. मंगळवारी येतात दाखवायला.

देवाजी: घ्या! भन्तेजीबी पेशंट!

मनकर्णा: सिस्टर, मले रडू येऊन राह्यलं. रातभर वाटे, शीलबी गेलं अन् किमोबी गेली.

संघप्रिया: काही गेलं नाही. हात द्या इकडे. मूठ आवळा.

देवाजी: सिस्टर, तिले विचारा ना, पुढच्या पुनवेले शुगर उतरली तं जवळ असावं म्हणून मध आणू का गूळ?

मनकर्णा: सिस्टरले काऊन विचारता? मी इथीच बसली आहो ना. गूळच आणा. पण खडा जरासा बारीक फोडा, कालचा मोठा होता.