तिठ्यावरचं पाणी

नाय, घरात कोण नाय. सांगितलं ना मघाशी. सून कामावर गेलीय, बोईसरला, कंपनीत. आज रविवार? असेल. कंपन्या रविवारी बंद असतात असं कोणी सांगितलं तुमाला? फाटकाला टेकू नका तेवढं, बिजागरी मोडकी हाय त्याची. आत या पाहिजे तर. बसा ओट्यावर. बूट राहू द्या पायात — जास्त वेळ बसायचं नाय तुमाला, म्हणून म्हणतो. गेल्या रविवारीपण आलेले तुमी. मी चिकूच्या आडून बघत होतो. स्कूटर तिकडे देवळाजवळ लावली, इथवर चालत आलात, फाटकाशी उभे राहिलात नि परत गेलात. आता ज्याच्या मनात काय नाय तो माणूस स्कूटर लांब कशाला लावेल? — जमिनीवाले असंच करतात. आधी एक जण पाणी मागायला येतो, मग वाडी कुठपर्यंत हाय विचारतो, मग गाडी भरून येतात. वाडी विकायची नाय. झाडं म्हातारी झाली, मीपण झालो, तरी नाय.

जमिनीचं काम नाय? मग काय काम हाय? — आणि पाय का ओढताय? गुडघा? ऑपरेशन झालंय. धावून धावून झालं म्हणता. म्हणजे तुमी त्यातले. बरं, बरं. आता कळलं थोडं. पाणी पिणार? नको? नको तर नको. मी कोणाच्या हातचं पित नाय हल्ली, म्हणून दुसऱ्यालापण आग्रह नाय करत. का ते सांगेन. नाय, नाय सांगणार. तुमाला कशाला सांगू?

हेमांगीला ओळखता म्हणालात. सगळेच ओळखतात. चिंचणी-तारापूरपासून वाणगावपर्यंत कोणालापण विचारा, ती धावणारी बाई म्हणतील. पहिल्यांदा मला लाज वाटायची, खोटं कशाला बोलू? प्रणव गेला — माझा मुलगा, तिचा नवरा — तापाचं निमित्त झालं नि गेला, आणि ह्या घरात आमी दोघंच उरलो. सासरा आणि सून. काय बोलणार एकमेकांशी? भाजीत मीठ बरोबर हाय, एवढंच बोलणं. ती माहेरी गेली असती तर मी अडवलं नसतं. गेली नाय. का गेली नाय ते मी कधी विचारलं नाय — विचारलं नि तिला आठवलं की जायचं राहिलंय, तर? मग एक दिवस ती वाचनालयातून पुस्तक घेऊन आली आणि संध्याकाळी इथं, तुमी बसलात ना तिथं, मोठ्याने वाचायला लागली. मला म्हणाली, बाबा, कळलं नाय तर सांगा. मी तिसरी शिकलेला माणूस. अर्धं कळायचं नाय, पण सांगितलं कधी नाय. सांगितलं असतं तर ती समजवत बसली असती, आणि पुस्तक पुढे सरकलं नसतं. आवाज चांगला हाय तिचा. घरात आवाज पाहिजे.

आणि धावणं? ते तसंच, झोप येईना म्हणून. पहाटे किनाऱ्यावर चालायला जायची, भरती उतरली की वाळू घट्ट होते तिथं. चालता चालता धावायला लागली. मग किनारा पुरेना, रस्त्यावर गेली. वाणगावकडे. साखरबाई — ही आमची शेजारीण, बोईसरच्या बाजारात भाजी विकते, तोंड असं की बाजार आपोआप उठावा — ती एकदा म्हणाली, धर्माजी भाऊ, सून पळते तुमची, कोणाच्या मागे पळते? मी म्हटलं, मागे नाय गं, सगळ्यांच्या पुढे पळते. गप्प बसली. म्हणजे एक दिवस बसली. पण हसून सोडलं तरी ते शब्द कानात राहिले ना माझ्या. कोणाच्या मागे? मी फाटकाशी बसून राहायचो ती येईपर्यंत. ती यायची घामाने चिंब, तोंड लालबुंद, आणि हसत. हसत, समजलं का? ह्या घरात येताना कोणी हसत येतंय, हे बघायला बरं वाटायचं, आणि लगेच वाटायचं — हसायला झालं काय हिला? वाणगावच्या रस्त्यावर असं काय हाय?

तुमी खाली का बघताय? मुंग्या हायत, चावत नाय त्या.

मग पुस्तकं बदलली. वाचनालयाचा शिक्का नसलेली यायला लागली. कोणाची गं, विचारलं, तर म्हणाली, एका ओळखीच्यांची. ओळखीच्यांची! बाई की बाप्या, ते नाय सांगितलं. दुपारी ती कामावर गेली की मी पुस्तक काढायचो, चष्मा लावायचो, ओळीखाली बोट धरून वाचायचो. चोरी नाय ती, माझ्याच घरात होतं. तर त्याच्यात पेन्सिलीने रेघा. सगळीकडे नाय, अधूनमधून. मी म्हटलं, हां — हे निरोप हायत. एकेक रेघ मारलेलं वाक्य लावून बघितलं मी. एक होतं — 'तिने दार उघडंच ठेवलं आणि चुलीपाशी जाऊन बसली.' आता तुमीच सांगा, ह्याच्यात रेघ मारण्यासारखं काय हाय? दार उघडं ठेवलं तर कुत्री शिरतात. आणि गंमत बघा, संध्याकाळी वाचताना ती नेमकी त्या ओळीवर थांबली. दोनदा वाचली. मी झोप आल्यासारखं केलं. पण त्या रात्रीपासून फाटकाला कडी घालून वर दोरी बांधतो मी.

हसू नका. तुमाला हसायला काय जातं?

आणि मग ते तिठ्यावरचं. — तुमाला सांगायला हरकत नाय, तुमीपण त्याच रस्त्याने आलात, तुमालापण जपायला पाहिजे. आमच्या वाडीच्या पुढे, जिथं वाणगावचा रस्ता फुटतो, तिथं भेंडीचं मोठं झाड हाय, भाजीतली भेंडी नव्हे. मी दूध आणायला जातो तिकडून. एका रविवारी बघतो तर झाडाच्या बुंध्याशी बाटली. पाण्याने भरलेली, आत लिंबाची फोड तरंगते, गळ्याला लाल फडकं बांधलेलं. बाजूला कागदाच्या पुडीत मीठ आणि खजूर. तिठ्यावर! लिंबू, मीठ, लाल फडकं! कोणावरून तरी ओवाळून टाकलेला उतारा तो, दुसरं काय असणार? आमच्याकडे लहान पोरगंपण असल्या वस्तूला वळसा घालून जातं. मीपण घातला. दूध घेऊन परत आलो, तर बाटली रिकामी! पुडी रिकामी, खजूर नाय, फडकं मात्र जागच्या जागी. आता प्यालं कोण? माणूस पिणार नाय. कुत्रं बाटलीचं झाकण लावून ठेवणार नाय. मी दूध सांडत घर गाठलं.

हेमांगीला का नाय विचारलं? ती कंपनीच्या लॅबमध्ये काम करते, हसली असती. आणि हसली नसती तर? तोंड फिरवून आत गेली असती तर? मला त्याचंच भय जास्त. मी साखरबाईला विचारलं. ती म्हणाली, धर्माजी भाऊ, तुमच्या सुनेच्या वाटेवरच ठेवलाय तो. नवरा गेलेली बाई तोंड उजळ करून फिरते, कोणाच्या तरी डोळ्यात सलणारच. पुढच्या रविवारी परत होती बाटली. परत रिकामी झाली. मग तिसऱ्या वेळी, आदल्याच दिवशी अमावास्या झालेली, मी लांब बांबू घेऊन गेलो. हात लावायचा नाय, पाय लावायचा नाय, मागे वळून बघायचं नाय — साखरबाईने सांगितलं तसं सगळं केलं. बांबूने ढोसत ढोसत नेली नि खाडीकडच्या खाजणाच्या पाण्यात ढकलली. पुडीपण. खजूरपण. म्हटलं, आता बघू कोण माझ्या सुनेला हात लावतो ते. ह्या वयात एवढं केलं, बरं वाटलं. वाटलं, प्रणव असता तर त्याने हेच केलं असतं.

पण उशीर झालेला. त्याच दिवशी ती पडली. परत येताना, तिठ्याच्या पुढे, ऊन वर आलेलं — ऑक्टोबरचं ऊन तुमाला ठाऊक हाय. रिक्षावाल्याने आणून सोडली. डोळे फिरलेले, गुडघे फुटलेले, ओठ पांढरे. सलाईन लावली. डॉक्टर काय म्हणाला सांगू? अंगातलं पाणी गेलं, अंगातलं मीठ गेलं. मीठ! नि त्या पुडीत काय होतं? म्हणजे बघा, ज्याने ठेवलं त्याने तिच्या अंगातलं मीठ ओढून घेतलं की नाय? मी डॉक्टरला बोललो नाय, तो आपला गोळ्या लिहीत बसला.

तेव्हापासून धावणं बंद. बूट धुऊन माळ्यावर टाकले तिने. मी पहिल्या दिवशी देवापुढे दिवा लावला — सुटलो म्हटलं. पण पुस्तकपण बंद केलं हो तिने. वाच ना गं, म्हटलं, तर डोकं दुखतं म्हणते. फोन वाजतो, उचलत नाय. कामावरून येते, भिंतीकडे तोंड करून पडते. आतापण पडलीय —

हां. घरात हाय ती. कळलं तुमाला. खोटं बोललो मी. हळू बोला.

एवढंच म्हणाली एकदा — बाबा, कोणावर भरवसा ठेवून निघालं की असंच होतं, तो नेमका त्या दिवशी विसरतो. मला वाटलं, प्रणवबद्दल बोलते. प्रणवने काय विसरलेलं? मी विचार करत राहिलो.

काय? परत सांगा. हळू. मला एकदम बोललेलं कळत नाय.

तुमी.

तुमी ठेवत होतात. रविवारी पहाटे, स्कूटरवरून येऊन. लिंबू पिळून, मीठ, साखर घालून. ती परत येताना तिथं थांबून प्यायची. — प्यायची ती? तीच? खजूरपण? — आणि ते लाल फडकं? लांबून दिसावं म्हणून. धावणाऱ्याला. म्हणजे ती शोधत बसू नये.

थांबा जरा.

तुझा गुडघा गेला म्हणून तू धावत नायस, म्हणून तिच्यासाठी पाणी ठेवत होतास. आणि पुस्तकं तुझी. रेघा? शाळेपासूनची सवय. निरोप नव्हते. बरं. असतील तरी आता काय. नाव काय म्हणालास? दिपेश. — आणि ती त्या दिवशी तिठ्यापर्यंत आली असेल, उन्हात, जीभ टाळूला चिकटलेली, झाडाकडे बघत. आणि तिथं काय नाय. तुला वाटलं असेल तिने शोधलं नाय नीट. तिला वाटलं तू विसरलास. तू तिला सांगितलंस, बाटली ठेवलेली — तिने ऐकलं नाय. कसं ऐकणार? बाटली नव्हतीच तिथं. तेच सांगायला दोन रविवार फाटकाशी येतोयस तू.

पाणी होतं रे ते. नुसतं पाणी. मी बांबूने —

हे बघ. तू आता जा. मी सांगेन तिला, सावकाशीने, जेवताना. तू असताना माझ्याच्याने बोलवणार नाय. ती धावणार होती ती शर्यत कधी हाय म्हणालास? डिसेंबरात? हाय मग वेळ. नायतर पुढच्या वर्षी धावेल. शर्यती काय, दर वर्षी असतात. सांगतो म्हटलं ना. जा.

जा की. असा बघू नकोस माझ्याकडे. विश्वास नाय ना बसत? बरोबर हाय तुझं. तू फाटकाबाहेर गेलास की मी चहा ठेवीन. मग म्हणेन, आज नको, तिचं डोकं दुखतंय. उद्या म्हणेन, उद्या कामाचा दिवस. आणि ती आपली घरात राहील, माझ्यासमोर, भिंतीकडे तोंड करून — राहील पण. मला माझं ठाऊक हाय. माझ्यावर सोडू नकोस. बस खाली. बस म्हणतो ना.

हेमांगी! ए हेमांगी! उठ गं जरा. नाय, बरा हाय मी, काय नाय झालं मला. बाहेर ये. — ये. हा कोण हाय ते मला सांगू नकोस, कळलंय. त्याच्याकडे नको बघू, माझ्याकडे बघ. तो विसरला नव्हता. त्याने ठेवलेलं पाणी, त्या दिवशीपण ठेवलेलं. मी बांबूने खाजणात ढकललं. मी. भरलेली होती बाटली, माझ्या डोळ्यांनी बघितलेली.

झालं. आता तू जा रे, दिपेश. ती मला जे बोलेल ते तू ऐकायचं नाय.