समुंदरवाली पॅसेंजर

तुम्ही हसाल, पण परवा उज्जैन स्टेशनच्या खिडकीवर आमच्या ह्यांनी त्या बाबूचं डोकं पार फिरवून टाकलं. म्हणाले, "समुंदरवाली पैसेंजर के दो टिकट दे दो. शादी के बाद हम दोनों उसी से गए थे."

मी म्हटलं, "दोघं कुठे? गेले होते मी एकटी!"

खोटं कशाला सांगू? ती गाडी रतलामला तोडायचे. दोन डबे समुद्राकडे जायचे, बाकीचे भलतीकडे. हे शेव घ्यायला उतरले आणि घाईत भलत्याच डब्यात चढले. मी कसली परत फिरते! समुद्राकाठी मामेसासरे राहायचे, त्यांच्याकडे पोचले, समुद्र पाहूनच आले. तेव्हापासून मी पाहिलेला समुद्र स्वतः पाहिल्यासारखा हे लोकांना सांगत फिरतात.

परवा खिडकीवरही हे सुरू झाले, "लहरें घुटनों तक आई थीं!"

"माझ्या गुडघ्यांपर्यंत!"

बाबू कधी ह्यांच्याकडे बघे, कधी माझ्याकडे. "बाबूजी, आप गए थे कि नहीं गए थे?"

"गए थे," हे म्हणाले.

"नहीं गए थे," मी म्हटलं.

बाबूने कपाळ धरलं. "अम्मा, वो गाड़ी तो कब की बंद हो गई."

ह्यांचा चेहराच उतरला. माझ्याकडे वळून म्हणाले, "अगं, मग मी समुद्र पाहायचा कधी?"

मागची रांग खो खो हसली. मी नाही हसले. बाबूला म्हटलं, "दूसरी जो गाड़ी जाती हो, उसके दो टिकट दे. एक ही डिब्बे के."

आणि ह्यांना म्हटलं, "शेव घरूनच घेऊ."