पंखाखाली काय लावायचं

बावड्याच्या स्टँडवर माझ्या शेजारी दोघं इंदापूरच्या गाडीची वाट बघत होते. म्हाताऱ्याच्या मांडीवर गोधडीत गुंडाळलेला, माणसाएवढा पत्र्याचा पंख होता.

"साहेबरावआबा, बाकीचं विमान काल टेम्पोनं पोचलं. पण सव्वीस जानेवारीच्या मिरवणुकीत असं बोडकं न्यायचं? पंखाखाली दोन क्षेपणास्त्रं लावू की."

"न्हाय लावायची."

"मी पाइपाची करतो. तुमाला तरास न्हाय."

"सौरभ, तेलाचं डबं कापून तीन वर्षं खपलोय ह्याच्यासाठी. हवाई दलात असल्याच विमानात माल भरायचो मी. त्याला क्षेपणास्त्रं नव्हतीच."

"पण लोकांना लष्कराचं वाटाय नको?"

"आत वाकून बघा म्हणावं. पिठाची पोती हायत. आमच्या मालननं जुन्या चोळ्यांची शिवलीत."

"आत कोण वाकतंय, आबा? मिरवणुकीचे अध्यक्ष म्हणाले, क्षेपणास्त्रं न्हाईत तर चित्ररथावर जागा न्हाय."

"मग हा पंख चालला माघारी घरी. अन् त्यांना सांग, लढाऊ विमानाचा आवाज आला की माणसं लपत्यात. ह्याचा आवाज आला की बर्फातल्या चौकीवरची उपाशी जवान पोरं तंबूतनं भाईर पळत यायची. अध्यक्षांची गाडी आल्यावर कोण भाईर येतं, तेवढं इचार."